तिसरा अध्याय कोणाचा

१ जुलै २०२४, सोमवार. अमरावती

तिसरा अध्याय तिसऱ्यांदा परत आला. गावंडे सरांनी पहिल्या पानावर लाल पेनने एकच ओळ लिहिली आहे : ‘प्रश्न उत्तम. उत्तर कुठे आहे?’ एकोणपन्नास पानं, आणि त्यावर ही एक ओळ. ती पानं वाचली असतील तर.

सहा वर्षं झाली या पीएच.डी.ला. विषय मीच हौसेने घेतला होता : रागाचं अस्तित्व. गाणारा थांबला, लोक उठून गेले, की राग जातो कुठे? आणि कोणी तीनच स्वर लावले तरी ‘हा भूप’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय ओळखतो? संगीतवाल्यांना हा प्रश्न रिकामटेकडा वाटतो. तत्त्वज्ञानवाल्यांना प्रश्न आवडतो, पण त्यांना भूप ओळखता येत नाही. म्हणून मार्गदर्शक मिळाले ते अकोल्याचे, डॉ. खुशालराव गावंडे, तत्त्वज्ञानाचे. दोन मुदतवाढी संपल्या. आता ३१ डिसेंबर. त्यानंतर नोंदणी रद्द.

घरी बायकोला, संध्याला, सांगितलं. ती म्हणाली, “मंग लिहून टाका ना उत्तर.” ती जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. तिच्या पुस्तकांत उत्तरं शेवटच्या पानावर असतात.

९ जुलै, मंगळवार

प्राचार्यांनी बोलावून नवा पेपर गळ्यात घातला. बी.ए. तृतीय वर्ष, ‘संगीत आणि तत्त्वज्ञान’. “इंगोले सर, तुमचाच विषय आहे, तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे.” बारा विद्यार्थी आहेत. त्यातल्या सात जणांनी हा पेपर घेतला कारण त्या वेळेला दुसरा कोणता मोकळा नव्हता.

खोली मिळाली ती व्यायामशाळेला लागून. पलीकडे डंबेल्स आपटतात. मी षड्ज लावला की धाडकन. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची वायर सैल, तिच्यावर पुस्तक ठेवावं लागतं. तास संपल्यावर शिपाई आला : साहेब म्हणतात, वर्ग सुरू असल्याचा जिओ-टॅग फोटो पाठवा. रागाचं अस्तित्व सिद्ध होवो न होवो, वर्गाचं झालं पाहिजे.

२४ जुलै, बुधवार

आज नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांची, ‘जाती’ शिकवली. हजार गायी वेगवेगळ्या, पण सगळ्यांत एक गायपण आहे, म्हणून आपण त्यांना गाय म्हणतो. तसंच प्रत्येक गायकाचा भूप वेगळा, पण भूपपण एक. चांगला रंगलो होतो. पियुषने हात वर केला. मला वाटलं, शंका आली.

“सर, हे परीक्षेत किती मार्काले येईल?”

गंमत अशी की मलाही हे पटत नाही. ते भूपपण कुठे ठेवलेलं असतं? याच जागी माझा अध्याय अडकलाय. जे स्वतःला पटत नाही ते बारा जणांना शिकवायचं, आणि त्यांना त्यात मार्क हवेत.

५ ऑगस्ट, सोमवार

भूप आणि देसकार घेतले. दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. भूप संध्याकाळचा, गांधारावर विसावतो. देसकार सकाळचा, धैवतावर उभा राहतो. स्वर तेच असताना ओळखता कसं, असं विचारलं. सगळे वहीत बघायला लागले.

तेवढ्यात प्रणाली तायडे आली. वीस मिनिटं उशीर. मुलगी शेंदूरजनाघाटची, इथे वसतिगृहात राहते, शनिवारी घरी जाते आणि दर सोमवारी बसचं कारण सांगते. मी म्हटलं, या, आता तुम्हीच सांगा. शिक्षा म्हणूनच विचारलं.

ती दारातूनच म्हणाली, “सर, मी भूप ओळखतच नाही. हा देसकार नाही, एवढंच ओळखते. धैवतावर थांबला नाही म्हणजे देसकार नाही. असं एकेक काढत गेलं की उरते तो भूप.”

पोरं हसली. ती थांबली नाही. “माही माय मंडीत संत्री निवडाले जाते. चांगलं संत्रं कसं असते, असं तिले विचारलं तर सांगता येत नाही. खराब कोणतं ते तिले बरोबर मालूम. डागी काढते, पोकळ काढते, हिरवं काढते. उरलं ते चांगलं. राग बी तसाच असन.”

सगळा वर्ग खदखदला. मीही हसलो. रागाची संत्री केली म्हटलं! ती म्हणाली, बौद्ध तर्कशास्त्रात याला काहीतरी नाव आहे, विहारातल्या वाचनालयात पुस्तक आहे, पाहून सांगते. मी म्हटलं, आधी अलंकार तालात म्हणा, मग तर्कशास्त्र. असे उशिरा येणारे लोक बोलण्यात मात्र वेळेवर असतात.

प्राध्यापक कक्षातला पंखा अजून बंदच.

११ ऑगस्ट, रविवार

सुचलं! सहा वर्षांनी सुचलं!

सकाळी वडाळी तलावाकडे फिरायला गेलो होतो. काही विशेष डोक्यात नव्हतं. एकदम चमकलं : राग ओळखणं म्हणजे त्यात काय आहे ते ओळखणं नव्हेच. काय नाही ते ओळखणं. आपण वगळत जातो. घरी येऊन एम.ए.च्या जुन्या वह्या काढल्या, तर त्यात नावही सापडलं : अपोह. बौद्ध तर्कशास्त्रज्ञांचा सिद्धांत. गाय म्हणजे काय? जे गाय नाही ते सगळं वगळल्यावर राहते ती. कुठलं गायपण नको, कुठलं भूपपण नको. वीस वर्षांपूर्वी हे मी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं होतं आणि विसरलो होतो. मन कसं आतल्या आत काम करत राहतं, याचं नवल वाटलं.

उदाहरणही आपलं, मातीतलं मिळालं. संत्री निवडणाऱ्या बाया. लहानपणी मामाच्या गावाकडे पाहिल्याचं आठवतं.

दिवसभर लिहिलं. जेवायला तिसऱ्या हाकेला उठलो.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षकदिन. मुलांनी पेन दिलं. अध्याय पूर्ण झाला, बासष्ट पानं. गेल्या सहा वर्षांत इतका हलका झालो नव्हतो.

संध्याला मुख्य भाग वाचून दाखवला. तिने भाजी निवडता निवडता ऐकला. संत्र्यांपाशी म्हणाली, “हे तुमी कुठी पाह्यलं?”

“मामाकडे, लहानपणी.”

“तुमचे मामा तर दर्यापूरले होते. तठी कापूस.”

मामांचे कोणीतरी वरुडकडे असणार. एवढ्या मोठ्या सिद्धांतात हिला मामाचं गाव दिसलं.

प्रणाली तायडेने आज दोन झेरॉक्स पानं आणून दिली. सर, ते नाव सापडलं, अपोह. मी सांगितलं, मला ते गेल्या महिन्यातच मिळालं. तिचा चेहरा जरा उतरल्यासारखा झाला. मग म्हणाली, “मंग मी बरोबर होते ना, सर?” मी हो म्हटलं. विद्यार्थ्यांना प्रोत्साहन दिलं पाहिजे.

१९ सप्टेंबर, गुरुवार. अकोला

बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला आलो, अध्याय सरांच्या हातात दिला. त्यांनी माझ्यासमोरच पंधरा पानं वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मी वाट पाहत होतो की आता पाठीवर थाप पडते.

“कच्चं आहे,” म्हणाले. “पण राहू द्या माझ्याजवळ. सॉफ्ट कॉपी मेल करून द्या. हे संत्र्याचं कुठून आलं?”

“लहानपणी पाहिलेलं, सर.”

“अस्सं.” आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. कच्चं असेल तर ठेवून कशाला घेतात? डिसेंबर जवळ येतोय. परत येताना मूर्तिजापूरपर्यंत उभं राहावं लागलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

फार मनस्ताप झाला.

विद्यार्थी संशोधन स्पर्धेसाठी वर्गातून दोन विषय निवडून पाठवायचे होते. प्रत्येकाने उभं राहून आपला विषय मांडायचा. आकांक्षाने लोकवाद्यं घेतली, ठीक. मग प्रणाली उभी राहिली. कार्डबोर्डवर स्वतःच्या हाताने चित्रं काढलेली, एका बाजूला टोपल्या, एका बाजूला भूप आणि देसकाराच्या स्वरपंक्ती. मथळा : ‘वगळून उरतो तो राग’.

 माझा तिसरा अध्याय! अजून छापलासुद्धा नाही. मी वर्गात त्यावर बोललो असेन, तेवढ्यावरून हिने उचललं. मी शांतपणे विचारलं, हा विषय कोणाचा आहे? म्हणाली, माझा, सर. मी म्हटलं, प्रणाली, हा माझ्या प्रबंधाचा भाग आहे. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर मांडणं याला चोरी म्हणतात. आणि अपोहासारखा विषय तुमच्या घरी कोणी वाचत असेल असं वाटत नाही.

ती म्हणाली, “विहारात वाचनालय आहे, सर.”  कार्डबोर्ड गुंडाळायला लागली, ते जाड होतं, गुंडाळलं जाईना. मग तसंच घेऊन गेली.

एका शब्दाने माफी मागितली नाही. पलीकडे डंबेल्स आपटत होते. दुसरा विषय म्हणून पियुषचा ‘मोबाईल आणि संगीत’ पाठवला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

प्रणाली तायडे दहा दिवस वर्गात नाही. अंतर्गत चाचणीलाही नाही. चूक दाखवली की हे लोक पाठ फिरवतात. ऐकून घ्यायची तयारीच राहिली नाही.

गावंडे सरांना तीन फोन केले. उचलत नाहीत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतरचा पहिला तास, हजर पाच. आकांक्षा म्हणाली, प्रणालीने वसतिगृह सोडलं, परीक्षेचा फॉर्मही भरला नाही. एवढ्या तेवढ्यावरून वर्ष घालवायचं! माझ्या वेळी सर लोक काय काय बोलायचे.

सरांकडून अध्याय नाही, पण निमंत्रणपत्रिका आली. सात डिसेंबरला अकोल्यात चर्चासत्र, बीजभाषण डॉ. गावंडे. विषय ‘ज्ञान आणि निषेध’. निषेध म्हणजे इथे नकार, ‘काय नाही’ ते; विषय माझ्या जवळचाच आहे. कदाचित माझा उल्लेख करतील म्हणून बोलावलं असावं. नवा सदरा काढून ठेवला.

७ डिसेंबर, शनिवार. अकोला, नंतर घरी

घरी येऊन लगेच लिहायला बसलो.

दुसऱ्या रांगेत बसलो होतो. सर उठले. पहिली दहा मिनिटं इकडचं तिकडचं. मग म्हणाले, “भूप आणि देसकार. तेच पाच स्वर. आपण काय ओळखतो?” माझी बासष्ट पानं, वाक्यं सुद्धा माझी. ‘आपण राग ऐकत नाही, राग नसलेलं सगळं बाजूला सारत जातो.’ हे वाक्य मी वडाळीहून परत येऊन पहिल्यांदा लिहिलं होतं. आणि मग : “मी लहान असताना आमच्या भागात संत्री निवडणाऱ्या बाया पाहिल्या आहेत...”

त्यांचं गाव बाळापूर. तिथे कुठली संत्र्याची मंडी?

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले. चहाच्या वेळी लोकांच्या घोळक्यातून त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, जशी विद्यार्थ्याकडे पाहून हलवतात. मी न जेवता निघालो.

८ डिसेंबर, रविवार

संध्यापुढे सगळं ओकलो. माणूस सहा वर्षं झिजतो, आणि दुसरा एक तासात ते स्वतःचं करून टाकतो. वर बालपणही स्वतःचं! यांना झोप कशी लागते? ज्याचं आहे त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्या डोळ्यात पाहून...

ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “तुमच्यासमोर उभं राहून तुमचंच सांगितलं, हे लय लागलं तुमाले.”

“मग? लागणार नाही?”

“लागनच ना.” चिमटा लावला आणि म्हणाली, “ते संत्रेवाली पोरगी येते का आता वर्गात?”

काय संबंध? मी तक्रार करणार आहे. विद्यापीठाच्या संशोधन समितीकडे. लेखी.

१० डिसेंबर, मंगळवार

दुपारी तक्रारीचा मसुदा करायला बसलो. पुरावा हवा, कल्पना मला कोणत्या दिवशी सुचली त्याचा. मेलवर तारीख सप्टेंबरची. त्याआधीचं काय? मग लक्षात आलं, ही वही! त्या त्या दिवशी लिहिलेली, तारखेसह, माझ्या अक्षरात. कोणत्याही समितीपुढे टिकेल.

११ ऑगस्टचं पान काढलं. ‘सुचलं!’ त्याला खूण घातली. झेरॉक्स काढायची तर मागचंही पान लागेल, सलग दिसावं म्हणून. पान उलटलं.

५ ऑगस्ट.

तीनदा वाचलं. अक्षर माझंच आहे. ‘उरते तो भूप.’ ‘डागी काढते, पोकळ काढते.’ खाली पंख्याची तक्रार.

मग पुढे वाचत गेलो. शिक्षकदिन. सत्तावीस सप्टेंबर. त्या पानावर ‘चोरी’ हा शब्द मी लिहिला आहे, काही खाडाखोड नाही.

आज एवढंच.

११ डिसेंबर, बुधवार

तिने फक्त एक उदाहरण दिलं होतं. सिद्धांत उभा केला मी. बासष्ट पानं मी लिहिली. कल्पना हवेत असतात, ज्याला मांडता येतात त्याच्या होतात.

हे वरचं लिहून झालं आणि कळलं की गावंडे सरही सध्या हेच म्हणत असतील.

१४ डिसेंबर, शनिवार. अकोला

सरांच्या घरी गेलो. भांडायला निघालो होतो, वाटेत बस मूर्तिजापूरला थांबली तोवर भांडण उरलं नव्हतं. तरी गेलो.

ते स्वतःच म्हणाले, “इंगोले, नाराज आहात. अहो, छापताना तळटीपेत तुमचं नाव टाकणारच आहे.”

“माझं टाकू नका, सर. प्रणाली तायडे.”

“ह्या कोण?”

“माझ्या वर्गात बी.ए.ला होती.”

ते हसले. “बी.ए.ची मुलगी, बीजभाषणाच्या तळटीपेत? आणि तुम्ही तर ते लहानपणी पाहिलेलं म्हणून सांगितलं होतं मला.”

“तुम्हीही काल तेच म्हणालात सभेत.” काल नव्हे, आठवड्यापूर्वी. तोंडातून काल आलं.

 सरांच्या सौभाग्यवती चहा ठेवून गेल्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, “हे बघा, सतरा दिवस राहिले. अध्याय तुमच्या नावाने आहे तसा द्या, मी सही करतो. नाहीतर तिसरा अध्याय काढून टाका. मग प्रबंधात उरते काय ते तुम्हीच पाहा. निवड तुमची.”

मी म्हटलं, काढतो. म्हणताना फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. मूर्तिजापूर यायच्या आत भीती वाटायला लागली. सहा वर्षं, पदोन्नती, वेतनश्रेणी. चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा एकोणपन्नास पानांवर.

१९ डिसेंबर, गुरुवार. शेंदूरजनाघाट

आकांक्षाकडून पत्ता घेतला. मोर्शी, वरुड करत बस साडेतीन तासांनी पोचली. आता सोमवारच्या वीस मिनिटांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

प्रणाली आईबरोबर मंडीच्या शेडमध्ये कामाला जाते. पत्र्याखाली फळांचे ढीग, भोवती वीसेक बाया. मला पाहून ती उठून उभी राहिली, हात ओढणीला पुसले. तिची आई पंचफुलाबाई बारीक, पन्नाशीची. “पिंके, तुहे सर आले वो!” म्हणत कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची आणली. “बसा, सर. बसच टाइमावर येत नाई म्हणते, म्हणून घरी रायली. तुमी समजून सांगा तिले.”

म्हणजे तिने घरी माझं नावच घेतलं नव्हतं.

वाटेत जी वाक्यं तयार केली होती ती सगळी गेली. मी खुर्चीवर बसलोच नाही. म्हटलं, “बस नाही, बाई. मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला. तिचीच कल्पना होती, मी माझी समजून लिहिली, आणि तिलाच चोर म्हटलं.”

बायांचे हात थांबले. पंचफुलाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. एक फळ त्यांच्या हातातच होतं.

“तुमी हे बोल्ले तवा किती पोरं होते तठी?”

“अकरा.”

“मंग मले काहून सांगून रायले? त्या अकरा जनाइसमोर सांगा ना.”

एवढंच. आवाज चढवला नाही. खाली बसल्या आणि कामाला लागल्या. खुर्ची मधेच राहिली.

प्रणाली बसस्टँडपर्यंत सोडायला आली.  मी विचारलं, तू घरी का नाही सांगितलंस? म्हणाली, “माय मले रोज विचारते, सर चांगले हाये ना? मी हो म्हणत होते. एकदम नाही कसं म्हणू?” मग बस दिसल्यावर म्हणाली, “आणि सर, ते माझं म्हणणं अर्धंच बरोबर होतं.”

“म्हणजे?”

“घरी आल्यापासून मी मायकडे नीट पाहून राहिली. वगळून उरते ते नुसतं चालणारं असते. पण एखादं खरंच चांगलं असलं की ती काही वगळत नाही. ढिगाकडे पाहते न पाहते तोच हात जाते तिचा. सरळ. मंग ते कसं ओळखते?”

“कसं?”

“तेच तर मालूम नाही ना, सर.”

बस सुटल्यावर कळलं : गावंडे सरांचं बीजभाषण, माझी बासष्ट पानं, सगळं एका वाक्यात पडलं होतं. हिला सभागृहही लागलं नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

प्रणाली आली. वेळेवर. मागच्या बाकावर बसली. बाकीचे अकराही होते, मी प्रत्येकाला फोन करून बोलावलं होतं.

पाच ऑगस्टचं पान वाचून दाखवलं. मग सत्तावीस सप्टेंबरचं, पूर्ण, ‘तुमच्या घरी कोणी वाचत असेल असं वाटत नाही’ इथपर्यंत. या वाक्याशी आवाज गेला, पुन्हा वाचावं लागलं. म्हटलं, चोरी मी केली आणि चोर तिला म्हटलं. प्राचार्यांनाही हे लेखी दिलं आहे.

 व्यायामशाळा आज नेमकी बंद. पियुष खाली बघत होता. आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं प्रणाली काहीतरी म्हणेल. ‘जाऊ द्या, सर’ असं काहीतरी. ती म्हणाली नाही. तास संपल्यावर बाकीच्यांबरोबर निघून गेली. एवढं करून आपल्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, त्याचाही राग आला.

घरी संध्याला सविस्तर सांगायला लागलो, कसा उभा राहिलो, कसा आवाज गेला. ती म्हणाली, “बरं केलं. आता याचं बी भाषण नका करत बसू.”

३१ डिसेंबर, मंगळवार

प्रबंध दिला नाही. तिसरी मुदतवाढ मागणारा अर्ज दिला आहे, कारण ‘अध्याय मागे घेतला’. विद्यापीठातल्या बाबूंनी विचारलं, असं कारण यादीत नाही, ‘आजारपण’ लिहू का? नको म्हटलं. चिडून म्हणाले, मग होणार नाही तुमचं काम.

सरांचा निबंध छापून आल्याचं कळलं. त्यातून संत्री काढली आहेत. बाकी सगळं तसंच. तळटीप नाही.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

प्रणाली कक्षात आली. पाचव्या सत्राचे पेपर उन्हाळ्यात पुरवणीला देणार आहे. त्यासाठी आली नव्हती. फेब्रुवारीत अकोल्याला भारतीय तर्कशास्त्राची आठवडाभराची कार्यशाळा आहे, शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं.

“माझ्याकडून घेणार?”

“तत्त्वज्ञान शिकवणारे इथं दुसरे कोणी नाहीत, सर.” खोटं गोड बोलणं तिला येत नाही.

ती समोर बसली, मी लिहायला घेतलं. ‘माझी विद्यार्थिनी कु. प्रणाली तायडे हिने माझ्या मार्गदर्शनाखाली...’ वाचलं, कागद बाजूला ठेवला. दुसरा घेतला. ‘माझ्या वर्गात असताना हिने...’ तोही ठेवला. तिसऱ्यावर पुन्हा पहिला शब्द ‘माझी’. पेन आपोआपच तिथून सुरू होत होतं. इतकी वर्षं पत्रं लिहिली, कधी लक्षात आलं नव्हतं. ती खिडकीबाहेर पाहत होती, घाई नव्हती तिला. अडीचची बस सुटली तरी बसून राहिली.

चौथ्या कागदावर लिहिलं : ‘प्रणाली तायडे यांचा एक प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला येत नाही.’

खाली सही केली. तिने उभ्यानेच वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि म्हणाली, “यावर कॉलेजचा शिक्का लागेल, सर.”

शिक्का कार्यालयात होता. मी जाऊन घेऊन आलो.